उभ्या सभेचं इतिवृत्त

हेरंब सोहोनी यांचा उभ्याने करायच्या गोष्टींवर मुळातच विश्वास नव्हता. उभ्याने जेवलेलं अंगी लागत नाही, उभ्याने प्यायलेलं पाणी गुडघ्यात उतरतं आणि उभ्याने घेतलेल्या निर्णयाला काही अर्थ नसतो, अशी त्यांची ठाम मतं होती. पैकी पहिली दोन त्यांना आईकडून मिळाली होती. तिसरं मात्र त्यांनी स्वतःच्या कष्टाने, परळच्या ऑफिसात रोज सकाळी उभं राहून मिळवलं होतं.

हे ऑफिस एका जुन्या मिलच्या आवारातल्या काचेच्या इमारतीत होतं. मालकाचं नाव राजस. त्याचं वय हेरंबरावांच्या नोकरीपेक्षा थोडंसंच जास्त. तो त्यांना 'काका' म्हणे. प्रेमानेच म्हणे, हे हेरंबरावांनाही मान्य होतं. पण ज्याच्या कार्डावर 'प्रोसेस हेड' असं छापलंय त्याला गिऱ्हाइकासमोर 'काका, जरा एसी वाढवता का?' असं म्हणू नये, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. एसी मात्र दर वेळी वाढवला.

ऑफिसात काम 'अजाईल' पद्धतीने चाले. अजाईल म्हणजे काय, हे त्यांनी एकदा फणसवाडीतल्या घरी आपल्या वडिलांना, अप्पांना, समजावून सांगितलं होतं. आधी सगळं ठरवून, लिहून, सह्या घेऊन मग सॉफ्टवेअर करायचं, ही जुनी पद्धत. अजाईलमध्ये थोडंसं करायचं, गिऱ्हाइकाला दाखवायचं, ते जिथे नाक मुरडेल तिथे बदलायचं आणि पुन्हा थोडंसं करायचं. रोज सकाळी सगळ्यांनी पंधरा मिनिटं गोल उभं राहायचं आणि काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय ते सांगायचं. ह्याला स्टँडअप म्हणतात. बसायचं नाही, कारण बसलं की माणूस बोलत राहतो.

अप्पांची सगळी हयात सरकारी कचेरीत गेलेली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे नकाशा पास न करता इमारत बांधायची आणि भाडेकरू ओरडला की भिंत सरकवायची."

"साधारण तसंच."

"मग ह्यात तुझं काम काय?"

हा प्रश्न हेरंबरावांना लागला. लागण्याचं कारण असं, की तो त्यांनाही बरेच दिवस पडलेला होता. पूर्वी ते ज्या मोठ्या कंपनीत होते तिथे पेन्सिल मागायचीसुद्धा प्रक्रिया होती आणि ती हेरंबरावांनी लिहिलेली होती. इथे लोक नुसते कामं करत सुटले होते. प्रोसेस हेडला बघायला प्रोसेसच नव्हती, म्हणून ते एसी बघत.

अशात एक दिवस राजसने त्यांना बोलावलं. एका मोठ्या बँकेचं काम मिळण्यासारखं होतं, पण बँकेची अट होती की कंपनीकडे 'मॅच्युरिटी लेव्हल थ्री'चं प्रमाणपत्र हवं. म्हणजे तुमची काम करण्याची ठरलेली पद्धत आहे, ती लिहिलेली आहे आणि सगळे तीच पाळतात, असं बाहेरच्या परीक्षकाने येऊन, डोळ्यांनी बघून लिहून द्यायचं.

"काका, ही तुमची मॅच आहे," राजस म्हणाला. "फक्त एक. टीमची अजाईल पद्धत मोडायची नाही."

"लिहून, ठरवून करायचं आणि रोज बदलायचंही? दोन्ही एकदम?"

"दोन्ही एकदम. मिळालं तर मस्तच. नाही मिळालं तर..." राजसने काचेतून बाहेर बघितलं, "तर मग आपल्याला एकदा बसून बोलावं लागेल."

ज्या ऑफिसात सगळं उभ्याने चालतं तिथे बसून बोलण्याचा एकच अर्थ असतो. आधीच्या अकाउंटंटशी राजस असाच बसून बोलला होता. तो गृहस्थ आता ठाण्याला पोळीभाजी केंद्र चालवतो. हेरंबरावांना पोळ्या येत नव्हत्या. पन्नाशी उलटलेल्या प्रोसेस हेडला दुसरं कोण घेणार, हा विचार त्यांनी परळपासून गिरगावापर्यंत केला आणि घरी आल्यावर पत्नीला सांगितला. सुमेधा एका शाळेत गणित शिकवते. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अजून पेपर दिला नाहीस, आत्तापासून निकालाचं काय? हात धू."

वाडीत बातमी लपत नाही. दुसऱ्या दिवशी गॅलरीत शेजारच्या राधाकाकूंनी विचारलं, "लेव्हल थ्री म्हणजे कितीपैकी?"

"पाचपैकी."

"पाचपैकी तीन?" काकूंचा चेहरा पडला. "म्हणजे साठ टक्के. चालतात एवढ्याला हल्ली? आमच्या स्पृहाला ब्याण्णव पडले तरी दोन दिवस जेवली नाही."

हे टक्के नसून पायऱ्या आहेत, आणि तिसरी पायरी म्हणजे बरीच मोठी गोष्ट आहे, असं हेरंबरावांनी सांगून पाहिलं. "असू दे हो," काकू म्हणाल्या, "प्रत्येकाची झेप असते." अप्पांनी आतून सल्ला दिला की पाचाचीच तयारी कर, म्हणजे तीन तरी हाताला लागतील. हेरंबराव डबा घेऊन निघाले.

परीक्षकाला एक चालू काम दाखवायचं होतं. ते होतं वरळी कोळीवाड्यातल्या मासळीवाल्या बायकांचं, घरबसल्या मासळी मागवायचं ॲप. हेरंबरावांनी सुरुवात शास्त्रशुद्ध केली. गिऱ्हाइकाला नेमकं काय हवंय ते एकदाचं लिहून, त्यावर सही घ्यायची. बायकांच्या पुढारी रमाबाई. हेरंबराव फाईल घेऊन कोळीवाड्याच्या गल्ल्यांतून, वाळत घातलेल्या बोंबलांखालून मान वाकवून त्यांच्या ओट्यापाशी पोचले.

"ॲपवर कोणकोणती मासळी ठेवायची ते कायमचं ठरवून द्या," ते म्हणाले.

रमाबाई पापलेट कापत होत्या. त्यांनी कोयता न थांबवता वर बघितलं. "जाळ्यात येईल ती."

"तसं नाही. यादी पक्की हवी. पुढे बदल नको."

"मग दर्याची सही घे, दादा. तो पक्कं सांगतो का बघ. माझ्याकडे काय आलास?"

सही मिळाली नाही. मिळाले ते सुके बोंबील, वर्तमानपत्रात बांधून, 'आलास तसा रिकामा जाऊ नको' ह्या आग्रहासह. सोहोन्यांच्या घरात आजवर अंडंही शिरलेलं नव्हतं. बोंबील नाकारणं हे गिऱ्हाइकाशी वागण्याच्या नियमात बसेना आणि घरी नेणं अप्पांच्या नियमात बसेना. शेवटी ते ऑफिसच्या फ्रीजमध्ये ठेवले गेले आणि दोन दिवस सगळ्या मजल्याने गॅसवाल्याला फोन केले.

उपाय सुचला तो वाडीच्या सोसायटीच्या सभेत. हेरंबराव ह्या सोसायटीचे कितीतरी वर्षं चिटणीस. समोर नेहमीप्रमाणे मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम होत होतं, सूचक-अनुमोदकांची नावं लिहिली जात होती, आणि त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. रोजची स्टँडअप म्हणजे शेवटी सभाच की! तिलाच रीतसर सभेचं रूप द्यायचं. विषयपत्रिका काढायची, ठराव मांडायचे, इतिवृत्त ठेवायचं. लोक उभेच राहतील, म्हणजे अजाईलही मोडणार नाही. परीक्षकाला लेखी पुरावा रोजच्या रोज मिळेल.

एक विषय तेवढा त्यांनी पत्रिकेतून गाळला. 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय' हा कुठल्याही सभेचा शेवटचा विषय. पण वाडीत ह्याच विषयाखाली राधाकाकूंचा गळका पाईप दर वर्षी येई, आणि एकदा त्यावरून दोन मजल्यांत बोलणं बंद झालं होतं. आयत्या वेळी येतं ते कधीच चांगलं नसतं, असा हेरंबरावांचा अनुभव.

सोमवारी स्टँडअपला त्यांनी भीतभीतच योजना मांडली. तरुण मुलं, हसतील, चिडतील, निदान एखादा तरी डोळे फिरवेल, अशी तयारी करून आले होते. कोणी हसलं नाही. मग लालबागचा अमित परब गंभीरपणे म्हणाला, "सर, गणपूर्ती कितीची धरायची?"

"आणि आधी अध्यक्ष निवडा," टीमची प्रमुख अपूर्वा पगारे म्हणाली. "अध्यक्षाशिवाय सभा बेकायदेशीर. माझे बाबा चिंचपोकळीला विहाराच्या कमिटीवर आहेत. लहानपणी आम्हाला झोपताना राजाराणीच्या गोष्टी नव्हत्या, घटना आणि सभेचे नियम होते."

इथे हेरंबरावांचा अंदाज साफ चुकला होता. गिरगावापासून परळपर्यंत चार मराठी माणसं एकत्र आली, की त्यातला एक कुठल्या तरी मंडळाचा सहचिटणीस असतो, एक माजी खजिनदार असतो, एक हिशेब तपासनीस असतो आणि चौथ्याने नुकताच राजीनामा दिलेला असतो. अमित आपल्या मंडळाचा सहचिटणीस होता. टेस्टिंग करणारी मनवा दादरच्या एका ढोलपथकाची खजिनदार होती. ज्या मुलांना आपण संगणकाची समजत होतो ती मुळात कमिटीची आहेत, हे हेरंबरावांना तेव्हा कळलं. पण तोवर अध्यक्षपदासाठी दोन अर्ज आले होते.

पहिले काही दिवस त्यांना आनंदाचं भरतं आलं. सभा काय रंगत होत्या! रोज कालच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम होई. त्यात परवाचं इतिवृत्त वाचून कायम केल्याचा उल्लेख असे, त्यावर कोणाची तरी दुरुस्ती असे, आणि त्या दुरुस्तीला दुसऱ्या कोणाची हरकत. मनवाच्या आजोबांच्या निधनाचा शोकप्रस्ताव झाला. दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून श्रद्धांजली वाहण्यात आली; सगळे आधीच उभे असल्यामुळे वेगळं उठावं लागलं नाही. 'खरेदी करा' ह्या बटणाचा रंग ठरवण्यासाठी उपसमिती नेमली गेली आणि तिने मुदतवाढ मागितली.

मग अमितने गणपूर्तीची खुबी शोधून काढली. पुरेशी माणसं नसतील तर सभा अर्धा तास तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीचं बंधन नसतं. हा नियम हेरंबरावांनी स्वतःच वाडीच्या पोटनियमांतून उतरवला होता. दुसऱ्या दिवसापासून सगळे खाली टपरीवर चहा पीत गणपूर्ती होऊ न देण्याची काळजी घेऊ लागले आणि अर्ध्या तासाने शिस्तीत वर येऊ लागले. कोणी उशिरा आलं असं म्हणता येईना. इतिवृत्तात सगळं नियमाला धरून होतं.

राजसचं शिक्षण परदेशात झालेलं. त्याला ह्यातलं काही कळत नसे, पण पुरावा साठतोय एवढं दिसत होतं. एकदा त्याने मध्येच, "गाईज, ते टेबल टेनिसचं टेबल आपण काढून टाकूया, जागा अडते," असं म्हटलं.

"हा ठराव आहे का?" अपूर्वाने विचारलं. एव्हाना ती एका मताच्या फरकाने अध्यक्ष झाली होती.

"हो, म्हणजे, मी सांगतोय ना."

"सूचक राजस. अनुमोदक?"

कोणीही हात वर केला नाही. हेरंबरावांनी मान न वर करता लिहिलं, 'अनुमोदक न मिळाल्याने ठराव बारगळला.' टेबल राहिलं. राजस जरा वेळ तिथेच उभा होता, मग कोणी बघत नाही असं पाहून केबिनमध्ये गेला.

सॉफ्टवेअर मात्र होत नव्हतं. आणि अशात रमाबाईंचा फोन आला, की तुमचं ॲप मासळी किलोने विकतंय. आमच्यात बोंबील, मांदेली, करंदी किलोने नाही, वाट्याने जातात. फळीवर मांडलेली एकेक रास म्हणजे एक वाटा. वजन विचारणारं गिऱ्हाईक आमच्याकडे टिकत नाही. ॲपवर वाटा पाहिजे, लगेच.

अपूर्वाने सभेत विषय काढला. "सर, एका दिवसाचं काम आहे. करून टाकू."

"विषयपत्रिकेवर नाही," हेरंबराव म्हणाले. "पुढल्या आठवड्याच्या पत्रिकेत घेऊ. सूचना सात दिवस आधी लागते."

"आयत्या वेळचे विषय?"

"ते आपण ठेवलेले नाहीत."

"का नाही ठेवले?"

राधाकाकूंच्या पाईपचा इतिहास सांगण्याची ती जागा नव्हती. "पद्धत म्हणजे पद्धत," ते म्हणाले. अपूर्वाने हातातली पत्रिका मिटली. "सर, तिकडे बायका सकाळपासून आपली वाट बघत बसल्यात. आपण इथे उभे राहून कसली पद्धत पाळतोय?" ती असं बोलली आणि हेरंबरावांना त्या दिवशी डबा गेला नाही. मुलीचं चुकलं नव्हतं, हे त्यांना कळत होतं. पण परीक्षक आठवड्यावर आला होता आणि पुराव्यात बदल दिसला तर सगळंच ओमफस् होईल, ही भीती त्याहून मोठी होती.

परीक्षक आल्या त्या प्रिती अय्यर नावाच्या बाई. माटुंग्याच्या, चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेल्या. त्यांनी आल्या आल्या हेरंबरावांकडून सगळी इतिवृत्तं घेतली, चाळली, आणि गोड आवाजात म्हणाल्या, "सोहोनी, तुम्ही जरा बाहेर बसा. मला सभा बघायचीय. प्रमुख समोर असले की माणसं मोकळी बोलत नाहीत."

स्वतःच्या सभेतून बाहेर बसण्याचा हेरंबरावांवर हा पहिलाच प्रसंग. ते काचेबाहेरच्या सोफ्यावर बसले. आतलं दिसत होतं, ऐकू काही येत नव्हतं. अपूर्वा बोलत होती. अमित एक पान वाचत होता, चेहरा नको तितका साळसूद. बाई काहीतरी टिपत होत्या.

एवढ्यात लिफ्ट उघडली आणि रमाबाई आल्या. नऊवारी, कमरेला मोबाईल, हातात झाकलेली पाटी. वॉचमन मागे 'मावशी, मावशी' करत धावत होता.

"कुठंय ती पोरगी? आठवडा झाला, वाटा वाटा करून जीभ दुखली माझी."

"रमाबाई, आज नको. आत परीक्षा चालू आहे!" हेरंबराव ताडकन उठले.

"मग पास कर त्यांना. मला वाटा दे." आणि त्यांना ओलांडून बाई सरळ आत गेल्या.

पुढचं हेरंबरावांनी काचेतून पाहिलं. रमाबाई हातवारे करत होत्या. त्यांनी पाटी मीटिंगच्या टेबलावर ठेवली, झाकण काढलं आणि बोंबलांच्या लहान लहान राशी मांडायला सुरुवात केली, थेट इतिवृत्तांच्या फाईलशेजारी. परीक्षकबाई खुर्ची मागे सारून उभ्या राहिल्या. अपूर्वा काहीतरी म्हणाली. मनवाचा हात वर गेला, मग अमितचा, मग सगळ्यांचे. अमित लॅपटॉपला भिडला. आणि मग परीक्षकबाई हसल्या. चांगल्या खळखळून, चष्मा काढून, डोळे पुसून हसल्या. हेरंबरावांच्या सभेत आजवर कोणी हसलेलं नव्हतं. संपलं, असं त्यांनी स्वतःशी म्हटलं आणि पोळ्या शिकायला साधारण किती वेळ लागत असेल ह्याचा विचार करत सोफ्यावर बसून राहिले.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. आतून बोंबलांचा वास आणि टाळ्या एकदमच बाहेर आल्या.

"या, सोहोनी," प्रितीबाई म्हणाल्या. "मी आमच्या बिल्डिंगची ट्रेझरर आहे, त्यामुळे तुमची पद्धत लगेच ओळखीची वाटली. खरं सांगू? फाईल वाचताना वाटलं, ह्यांचं काम उभ्याउभ्याच झोपलेलं असणार. नियम भरपूर आणि बदलाला जागाच नाही. पण आज बघितलं ना मी! गिऱ्हाईक थेट सभेत आलं, अध्यक्षांनी 'आयत्या वेळचा विषय' म्हणून घेतला, सूचक, अनुमोदक, मंजूर, नोंद, आणि चहा यायच्या आत काम सुरू. अध्यक्षांनी सांगितलं, बदलाला सभेच्या शेवटी ही रोजची जागा तुम्हीच ठेवलीत. बाकीच्या कंपन्या ह्या दोन गोष्टी जुळवता जुळवता थकल्या."

हेरंबरावांनी सांगायला तोंड उघडलं, की ती जागा मी ठेवली नव्हती, उलट गाळली होती. समोर अपूर्वा उभी होती. तिने भुवई किंचित वर केली.

"हो," हेरंबराव म्हणाले. "ती आमची जुनीच पद्धत आहे."

"आणि सगळ्यात मला काय आवडलं," बाई टाळ्या ऐकून केबिनमधून आलेल्या राजसकडे वळून म्हणाल्या, "सोहोनी बाहेर होते तरी काही अडलं नाही. पद्धत एका माणसावर अवलंबून नाही, मुरलेली आहे. हीच तर तिसऱ्या लेव्हलची खूण."

प्रमाणपत्र मिळालं. फणसवाडीत पेढे वाटले. राधाकाकूंनी पेढा घेतला आणि 'तिसरा तर तिसरा' म्हणून पाठीवरून हात फिरवला. अप्पांनी दोन घेतले. हेरंबराव आठवडाभर ऑफिसला जाताना इस्त्रीचा शर्ट घालून गेले.

मग राजसने बोलावलं. "काका," तो म्हणाला, "जरा बसून बोलूया का?"

ते बसले. राजस वाईट मुलगा नव्हता. खुर्ची त्याने स्वतः ओढून दिली. मॅडमचं म्हणणं आपण ऐकलंच, तो म्हणाला. पद्धत आता कोणावर अवलंबून नाही. तुम्ही काम इतकं सुंदर केलंत, की त्याला आता कोणी हेड लागणार नाही. उद्या स्टँडअपमध्ये मी टीमला सांगतो, तुमचा सत्कारही करू. शाल वगैरे.

हेरंबराव घरी आले आणि गॅलरीत बसले. त्यांना वाईट वाटलं होतं, आणि लाजही वाटत होती. काम बिघडवून नोकरी गेली असती तर निदान कोणाला तरी दोष देता आला असता. सुमेधाने चहा आणून ठेवला आणि शेजारी बसली. अप्पांनी सगळं ऐकलं, कठड्यावर बोटं वाजवली आणि मग विचारलं, "हे विषयपत्रिकेवर आहे का?"

"नाही, अप्पा."

"मग असं कसं करतील?" अप्पा म्हणाले. हेरंबरावांनी मान फिरवली आणि समोरच्या गॅलरीतल्या कुंड्या मोजायला लागले.

दुसऱ्या दिवशी गणपूर्ती चक्क वेळेवर झाली. टपरीवर कोणी नव्हतं; काचेच्या केबिनमधलं ते बसून बोलणं काल सगळ्यांनी पाहिलं होतं. इतिवृत्त वाचून कायम झालं. कामाचे विषय झाले. वाट्याचं बटण लागल्यापासून कोळीवाड्याची विक्री वाढल्याबद्दल रमाबाईंच्या अभिनंदनाचा ठराव झाला. मग अध्यक्षा अपूर्वा म्हणाली, "आयत्या वेळचे विषय," आणि राजस पुढे आला. त्याच्या हातात शाल होती. सोहोनी काकांचे आपल्यावर उपकार आहेत, तो म्हणाला, आणि आता पद्धत रुळल्यामुळे प्रोसेस हेड हे पद आपण बंद करतोय.

"हे निवेदन आहे की ठराव?" अपूर्वाने विचारलं.

"काय फरक आहे?"

"निवेदन असेल तर त्यावर चर्चा होते. प्रत्येकाला बोलता येतं. मनवाचे मुद्दे पाच पानी आहेत."

"ठराव धरा," राजस घाईने म्हणाला.

"सूचक राजस. अनुमोदक?"

कोणी हललं नाही. अमित छताकडे बघत होता. मनवा बुटांकडे बघत होती. राजसने एकेकाच्या चेहऱ्याकडे बघितलं. "अरे, कंपनी माझी आहे."

"कंपनी तुझीच आहे," अपूर्वा म्हणाली. "पण प्रमाणपत्र पद्धतीला मिळालंय, आणि बँकेची माणसं पुढच्या आठवड्यात पद्धत बघायला येतायत. त्यांना कालचं इतिवृत्त वाचून दाखवायचं असतं. अनुमोदक?"

हेरंबराव पेन धरून उभे होते. त्यांची फार विचित्र अवस्था झाली होती. उघडा राहिलेला नळ आणि अनुमोदकाविना लोंबकळणारा ठराव, ह्या दोन गोष्टी त्यांना जन्मात बघवल्या नव्हत्या. वाडीच्या सभेत असा ठराव अडला, की चिटणीस ह्या नात्याने तेच हात वर करून टाकत, मग तो ठराव स्वतःच्या विरुद्ध का असेना. आताही त्यांचा हात त्यांच्या नकळत खांद्यापर्यंत वर गेला होता.

"सोहोनी सर," अपूर्वा त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "चिटणीसाला अनुमोदन देता येत नाही. नियम आहे."

असा नियम नव्हता. कुठल्याही पोटनियमात, कुठल्याही घटनेत नव्हता. हेरंबरावांना ते तोंडपाठ होतं, आणि अपूर्वालाही असणार, तिला तर झोपताना ऐकवलेलं होतं. चुकीचा नियम कोणी सांगितला तर तो तिथल्या तिथे दुरुस्त केल्याशिवाय हेरंबरावांना आजवर कधी राहवलेलं नव्हतं. त्यांनी अपूर्वाकडे बघितलं. ती पुढचा विषय शोधत असल्यासारखी कागद चाळत होती, आणि कागदावर पुढचा विषय नव्हताच.

हेरंबरावांनी हात खाली घेतला.

मग त्यांनी चष्मा पुसला. तो पुन्हा धूसर झाला म्हणून पुन्हा पुसला. राजसने शालीकडे बघितलं, टेबल टेनिसच्या टेबलाकडे बघितलं, आणि शाल त्या टेबलावर ठेवून दिली. "काका," तो म्हणाला, "जरा एसी वाढवता का?"

"थांबा," हेरंबराव म्हणाले, "आधी हे होऊ द्या." आणि त्यांनी उभ्यानेच, सुवाच्य अक्षरात लिहिलं: अनुमोदक न मिळाल्याने ठराव बारगळला. इतर विषय नसल्याने सभा संपली.